नॉर्मल रिपोर्टातली पोटदुखी

दहावीतल्या मुलीचं पोट सकाळी साडेसहाला दुखतं आणि शाळेची बस निघून गेली की थांबतं. घरचे एकमुखाने निकाल देतात : नाटकं आहेत. त्यात रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल आले की निकालावर शिक्काच बसतो.

हा निकाल चुकीचा आहे आणि वैद्यकाला ते आज कळलेलं नाही. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यासह हजार शाळकरी मुलांची पाहणी १९५८ साली प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत किमान तीनदा, रोजचे व्यवहार अडावेत इतकं पोट दुखणारी मुलं दहात एक निघाली. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१५ साली काढलेला आकडा १३.५ टक्के, श्रीलंकेतल्या दहा ते सोळा वर्षांच्या मुलांत १२.५ टक्के. म्हणजे साठ जणांच्या वर्गात सात-आठ. नुसत्या बद्धकोष्ठाची मुलं यात धरलेलीच नाहीत. इंग्लंडपासून श्रीलंकेपर्यंत पोरांनी एकच नाटक बसवलं असेल, तर दिग्दर्शकाचा सत्कारच करायला हवा!

‘पण दुखणं बरोबर शाळेच्याच वेळी कसं?’ आक्षेप रास्त आहे, उत्तरही आहे. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि मेंदूशी त्याची देवाणघेवाण अखंड चालू असते. झोपेतून उठल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल मुळातच वाढते. परीक्षेचा किंवा वर्गातल्या छळाचा ताण तिच्यात भर घालतो. शिवाय या मुलांची आतडी हळवी असतात. गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत, इतरांना जेमतेम जाणवणाऱ्या दाबाला यातल्या अनेकांना वेदना झाल्या. दाब मोजलेला होता. त्यात अभिनयाला जागा कुठे?

दुसरा पक्ष उलट टोकाचा : खरं दुखतंय ना, मग सगळ्या तपासण्या करा. सोनोग्राफीत ‘पोटात गाठी’ निघतात. लहान लसिकाग्रंथी निरोगी मुलांतही दिसतात, पण गाठ म्हटलं की घरात क्षयाची धास्ती शिरते आणि कधीकधी पुराव्याविना टीबीच्या गोळ्याही सुरू होतात. वजन घटणं, शौचात रक्त, खुंटलेली वाढ, रेंगाळणारा ताप, झोपमोड करणारी कळ यांपैकी काही असेल तर तपासण्या हव्यातच. नसेल तर नीट विचारपूस आणि हाताने केलेली तपासणी बहुतेकदा पुरते. अशा दुखण्यांच्या निदानासाठीचे २०१६ चे आंतरराष्ट्रीय ‘रोम-४’ निकषही लक्षणांवरूनच निदान करायला सांगतात.

उरला वडापाव. त्याच्यावर सगळं ढकलणं सोयीचं, कारण त्यात दोष पोराचाच राहतो. शाळेच्या संडासाचं नाव मात्र कोणी काढत नाही. कडी नाही, पाणी नाही, म्हणून मुली दिवसभर घोटभरही पाणी पीत नाहीत. शौचाची भावना दाबून ठेवतात. साचलेला मळ कडक होतो, गुदाशय ताणला जातो, पुढे भावनाच बोथट होते. मग पोट दुखतं आणि आई ओवा देते.

दुखणं खरं मानायचं, तरीही मुलाला शाळेत पाठवायचं, असा उपचाराचा गाभा आहे. घरी बसवल्याने भीती वाढते. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संमोहनोपचार घेतलेली ८५ टक्के मुलं वर्षभरानंतर बरी होती. नेहमीच्या उपचारांवरची २५ टक्के. आपल्याकडे असे उपचारक शोधूनही मिळणं कठीण. संडासाला कडी आणि नळाला पाणी मात्र कुठलीही शाळा या आठवड्यात देऊ शकते. तासाला हात वर करणाऱ्या मुलाला ‘मधल्या सुट्टीत जा’ म्हणणं तर उद्यापासून थांबवता येईल.