तांब्यावरचा खड्डा

आमच्या सूनबाईचं माहेर धारवाडचं. ती तव्याला हंचु म्हणते, मी तवा, आणि नातू दोन्ही. पण ती दिवसभर कॉम्प्युटरवर काय करते, हे मला कुठल्याच भाषेत सांगता येत नव्हतं. हळदीकुंकवाला कुणी विचारलं की "लेसरचं काहीतरी" म्हणून मी विषय बदलायची. तिला ते लागायचं, हे मला फार उशिरा कळलं.

परवा भाकरी करताना मीच विचारलं. ती म्हणाली, "अत्ते, विस्तव तव्याच्या मध्यावर असतो, तरी कडेला हात लावला की चटका बसतोच ना? साधा लेसर धातूवर पडला की तसंच होतं. उष्णता पसरते, कड वितळून गुठळ्या धरते." हृदयात बसवायच्या स्टेंटची जाळी बारीक नळीतून लेसरनेच कापतात म्हणे. तिथं खरबरीत कड कशी चालेल?

म्हणून फेम्टोसेकंदांचा लेसर. सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कोटी. तो एक फेम्टोसेकंद. अशा झटक्यात तांब्यातले इलेक्ट्रॉन हजारो अंश तापतात आणि अणू मात्र थंडच! लग्नाची बातमी आधी पोरांना कळते, ती नाचू लागतात, थोरांना मागाहून समजतं, तसं. अणूंपर्यंत उष्णता पोचायला काही हजार फेम्टोसेकंद जातात. या दोन तापमानांचं गणित १९७४ साली अनिसिमोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर मांडलं.

इतक्या वेळात काय घडतं ते डोळ्यांना कुठलं दिसायला! म्हणून कॉम्प्युटरमध्ये तांब्याचा तुकडा रचायचा. एक कोटी अणू घेतले तरी तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढाच. कोणता अणू शेजाऱ्याला किती ओढतो, किती ढकलतो, हे जवळजवळ दर फेम्टोसेकंदाला नव्याने मोजायचं.

चार महिने तिचा हिशेब चुकत होता. प्रयोगात पडलेला खड्डा खोल, हिचा उथळ. शेवटी सापडलं. थंड तांबं या प्रकाशातला शंभरातला नव्वदहून जास्त भाग परत फेकतं, आणि तिने तोच आकडा शेवटपर्यंत धरला होता. पण इलेक्ट्रॉन तापले की तांबं जास्त प्रकाश गिळतं. पंच्याण्णवऐवजी नव्वद भाग परत गेले, तर आत शिरणारी ऊर्जा थेट दुप्पट!

त्याच चार महिन्यांत मी तिला दोनदा बोलले होते, रात्री-अपरात्री दिवा जाळत बसतेस म्हणून.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

भाकरी करपली ती माझी.

गेल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला पुन्हा तोच प्रश्न आला. म्हटलं, "तांब्याचा अभ्यास करते."

"भांड्यांचा?"

"नाही हो. बसा, सांगते."