वय पाहू नका, पत्रा पाहा

पन्नाशीला टेकलेली मॅटाडोर घरच्या अंगणात उघडायची, गंज काढायचा, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करायची आणि नांदेडहून माहूरला निघायचे, असे कुणी ठरवले तर त्याची पहिली गाठ गंजाशी पडते आणि शेवटची कायद्याशी. गंज कष्टाने का होईना, निघतो. कायद्यातून वाट काढायची कशी, हे नेमके सांगणारा माणूस मात्र नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शोधत फिरावे लागते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात बसते. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरपाटी मिळते. पुढच्या वेळी पाच हजार. इथवर सगळे ठीक. पण गाडी मूळ रूपातच हवी, तिच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको, अशी अट आहे. शिवाय ती रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, व्हिंटेज रॅलीसाठी, नाही तर इंधन भरायला आणि दुरुस्तीला. नेहमीच्या वापराला मनाई. फिरायला जाण्यासाठीच घडवलेली गाडी फिरायला न्यायची नाही, असा याचा सरळ अर्थ.

दुसरी वाट साध्या फेरनोंदणीची. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की तपासणी, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ते दहा हजार झाले. या वाटेने गेले तर गाडी कुठेही नेता येते. पण मॅटाडोर बहुधा मालवाहू किंवा प्रवासी म्हणून नोंदलेली असते. तिची कॅम्पर करायची तर वाहनाचा वर्ग बदलावा लागतो आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. गंमत अशी की खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या २००४ च्या वाहनवर्गीकरणात नावानिशी आहे. यादीत जागा आहे, पण जुन्या गाडीला त्या जागेपर्यंत पोहोचवणारी सोपी पायरी नाही.

ही तक्रार चार हौशी लोकांची म्हणून सोडून देता येत नाही, कारण मॅटाडोर ही आपल्याच मातीत वाढलेली गाडी आहे. हॅम्बुर्गमधल्या हारबुर्ग इथल्या ‘विडाल अँड सोन’ या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये फिरोदियांची बजाज टेंपो उभी राहिली आणि १९६९ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत मॅटाडोर तयार होऊ लागली. पुढे तिच्यात मर्सिडीजचे ‘ओएम ६१६’ जातीचे डिझेल इंजिन परवान्याने बसवले जाऊ लागले. मराठवाड्यातल्या किती तरी लग्नांचे वऱ्हाड, भजनी मंडळे, दुधाचे कॅन आणि शाळेच्या सहली या गाडीने वाहिल्या. १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली आणि मॅटाडोर हळूहळू मागे पडली. बजाज टेंपोचे नावही २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. आता उरलेल्या मॅटाडोर कुठे आखाड्यावर, कुठे बंद जिनिंगच्या आवारात, कुठे लिंबाखाली चाकांतली हवा जाऊन बसलेल्या दिसतात.

चाकांवरचा संसारही मराठवाड्याला नवा नाही. आषाढीला निघालेल्या दिंडीमागचा ट्रक पाहावा: वर ताडपत्री, आत वळकट्या, भांडी, शेगडी, धान्याची पोती, मागे पाण्याचा टँकर. मुक्कामाच्या गावी अर्ध्या तासात तिथे पंगत बसते. पाणी पुरवून वापरणेही इथे कुणाला शिकवावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी ज्या लातुरात आली, तिथल्या माणसाला पन्नास-साठ लिटरच्या टाकीत दोन दिवस काढणे फार जड जाऊ नये.

आता गंजाकडे वळू. अशा गाडीचे इंजिन हे तुलनेने सोपे काम. ‘ओएम ६१६’च्या घराण्यातली इंजिने पुढे ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्येही बसली, त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट मिळतात आणि बोअर करणारा लेथवालाही सापडतो. अवघड आहे तो पत्रा. दाराखालची पट्टी, चाकांवरची कमान, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, छताची पन्हाळ आणि बॅटरीची बैठक, पाणी साचते ते इथे. मराठवाड्याची हवा आठ महिने कोरडी असते, म्हणून कोकणातल्या गाडीपेक्षा इथली गाडी सावकाश सडते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो आणि किनाऱ्यावरचे मीठ त्याला आणखी हात देते. इथे ते मीठ नाही, पण पावसाळ्याचे चार महिने पन्हाळीत कुजणारा लिंबाचा पाला पुरेसा असतो.

वरून धडधाकट दिसणारी गाडी किती पोखरलेली आहे ते दोन वस्तू सांगतात, लोहचुंबक आणि पेचकस. पत्र्यावरून चुंबक फिरवत जायचे. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग पेचकसाची मूठ ठोकायची. टणक आवाजाऐवजी भद्द असा आवाज आला की टोक रुतवून पाहायचे. दाराखाली ते बहुतेक वेळा आरपार जाते. पुट्टीचा खपला निघतो, त्याखाली डांबर, डांबराखाली कुणी तरी पूर्वी कोंबलेला गोणपाटाचा तुकडा आणि त्यामागे तपकिरी भुगा. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज तो जोड फुगवून उकलतो. वरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत फुगा पुन्हा वर येतो, याचे कारण हेच.

इथे अंगणातल्या कारागिराने घाई केली की गाडी वाकडी होते. सडलेला तळ कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे-तिरपे टेके वेल्ड करून बॉडी जखडावी लागते. नाही तर तळ निघताच दोन्ही बाजू पसरतात आणि नव्या पत्र्यावर दारे बसत नाहीत. कापायचे ते चकचकीत धातू लागेपर्यंत, गंजाच्या कडेवर वेल्डिंग धरत नाही. ठिगळ अठरा किंवा वीस गेजच्या सीआरसी पत्र्याचे. टाके एका ओळीत सलग न घालता एक इथे, दुसरा वीतभर लांब असे घालायचे, म्हणजे उष्णता पसरते आणि पत्रा लाटा धरत नाही. जाडसर पुट्टीचा मोह टाळायचा; दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की ती तडकते. गंजाचा उरलेला हलका थर फॉस्फरिक आम्लाच्या लेपाने काळ्या फॉस्फेटमध्ये बदलता येतो, पण हा उपाय वरवरच्या गंजाचा. भोक पडलेल्या पत्र्याला तो जोडू शकत नाही. मग एपॉक्सी प्रायमर, जोडांत सीलंट आणि पोकळ भागांत मेण किंवा तेल.

काही कामे घरी करायची नाहीत, हेही तितकेच ठामपणे सांगायला हवे. टाकी काढल्याशिवाय तिच्या आसपास वेल्डिंग नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूर ताप आणतो. टू-पॅक पीयू रंगातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, म्हणून तो रंग अंगणात फवारायचा नसतो. आणि गाडीत झोपताना बंद खिडकीआड शेगडी पेटवायची नाही.

यातली बहुतेक कौशल्ये नांदेड-लातूरमध्ये आजही आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रे, पाण्याचे टँकर घडवणारी फॅब्रिकेशनची दुकाने दोन्ही शहरांत आहेत. तिथला वेल्डर पत्रा वाकवायला घाबरत नाही. आयटीआयमध्ये वेल्डर, शीट मेटल वर्कर आणि मोटर मेकॅनिक हे अभ्यासक्रम आहेत. पण नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात ठोकून सरळ करण्यापेक्षा पूर्ण पॅनेल बदलण्याकडे कल आहे. हातोडी आणि डॉलीने पत्रा ‘ओढणारा’ जुना डेंटर त्या व्यवस्थेत बसत नाही. जिचे पॅनेल बाजारात मिळतच नाही अशी जुनी गाडी त्याच्याकडे आली, तरच त्याचा हात चालता राहतो. दुसरा फायदा आणखी रोकडा. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याचा भर व्यावसायिक गाड्या आणि कॅरॅव्हॅन पार्कवर आहे. पण होट्टलची मंदिरे, कंधारचा किल्ला, सहस्रकुंडचा धबधबा, उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी या ठिकाणांजवळ मुक्कामाची सोय तुटपुंजी आहे. स्वतःची झोपायची जागा सोबत घेऊन येणारा प्रवासी इथेच जास्त उपयोगी.

ज्या देशातून मॅटाडोरचा आराखडा आला, त्या जर्मनीने हा गुंता वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथे १९९७ पासून ऐतिहासिक वाहनांसाठी ‘एच’ अक्षराची पाटी आहे. वयाची अट तीस वर्षांची. तज्ज्ञ गाडी पाहतो, ती चांगल्या स्थितीत आणि बऱ्याच अंशी मूळ रूपात आहे का ते तपासतो. त्या काळात प्रचलित असलेले बदल मान्य होतात. फोक्सवॅगनच्या व्हॅनची कॅम्पर करून देण्याचे काम वेस्टफालिया ही जर्मन कंपनी १९५१ पासून करत होती, त्यामुळे तशी जुनी कॅम्पर तिथे ‘मूळ रूप’च ठरते. पाटी मिळाली की गाडी कुठल्याही दिवशी चालवता येते. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये जशीच्या तशी केलेली दुरुस्ती कळवण्याची सक्ती काढून टाकली. दोन्हीकडे रोख एकाच गोष्टीवर आहे: ठिगळ आणि फेरबदल यांत फरक करायचा.

आपल्या नियमात तोच फरक धूसर आहे. सडलेला तळ कापून त्याच मापाचा, त्याच वळणाचा पत्रा बसवला तर तो ‘बॉडीतला फेरबदल’ की दुरुस्ती? दुरुस्ती न करता गंजकी गाडी तशीच ठेवली तर ती मूळ रूपात राहते, पण रस्त्यावर आणण्यालायक राहत नाही. दुरुस्त केली तर लायक होते, पण तिच्या मूळपणावर बोट ठेवता येते. प्रामाणिक काम करणारा माणूसच अशाने अडतो. पुट्टी भरून रंग मारणाऱ्याला कुणी विचारत नाही.

परिवहन खात्याची सावधगिरी अनाठायी आहे असे नाही. चोरीच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा चॅसी क्रमांक चढवण्याचे प्रकार जुनेच आहेत. जुने डिझेल इंजिन धूर ओकते. निकामी ब्रेकची जड व्हॅन बालाघाटाच्या उतारावर दुसऱ्याचाही जीव घेऊ शकते. लातूर जिल्हाच मुळात १५ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या गाडीची मूळ नोंद शोधणे हे तिथल्या कारकुनालाही डोकेदुखीचे काम. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या भंगार धोरणामागचे कारणही खरे आहे: जुन्या गाड्या कमी झाल्या तर हवा सुधारते आणि पोलाद परत मिळते. पण वर्षाकाठी काही हजार किलोमीटर फिरणाऱ्या मूठभर कॅम्पर आणि रोज शहरात धावणाऱ्या हजारो टेंपोंना एकाच तराजूत तोलण्यात शहाणपण नाही.

म्हणून मागणे थोडे आहे. व्हिंटेजच्या नियमात एक वाक्य वाढवावे, की गंजलेल्या भागाच्या जागी त्याच आकाराचा आणि त्याच जाडीचा पत्रा बसवणे हा फेरबदल नव्हे. तीस वर्षांवरच्या, चांगल्या स्थितीतल्या खासगी गाड्यांसाठी मर्यादित किलोमीटरची आणि दरवर्षी ब्रेक व धूर तपासणीची वेगळी नोंदणी असावी. काढता येणारा पलंग, ओटा, पाण्याची टाकी यांसारख्या सोयींना चॅसीला हात लागत नसेल तर साध्या अर्जावर परवानगी मिळावी. आणि तपासणी दोनदा व्हावी. सध्या निरीक्षकासमोर रंगवलेली गाडी उभी राहते, तेव्हा आत पत्रा आहे की पुट्टी हे त्याला वरून कळत नाही. प्रायमर लागण्याआधी, नवे टाके उघडे असताना नांदेडच्या (एमएच २६) किंवा लातूरच्या (एमएच २४) कार्यालयातून मोटार वाहन निरीक्षकाने एकदा येऊन ते पाहावेत, फोटो काढून नोंदीला जोडावेत आणि मगच गाडीवर रंग चढावा. फेरनोंदणीच्या दहा हजारांत एवढी एक फेरी बसायला हरकत नसावी.