घराच्या आत डोकवा!

मुलांनो, ‘माझे घर’ म्हटलं की वहीत दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी येते. दार बंदच! हॉलंडच्या चित्रकारांनी मात्र घराच्या आत येणारा खिडकीचा उजेड रंगवून नाव कमावले. आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामची बापू कुटी आहे. १९२५ साली इंग्लंड सोडून भारतात आलेल्या मीराबेन यांनी तिच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे अन् चरखा उठावात घडवला. आत चटई, बुटके मेज, बस्स. जलरंगाला याहून चांगला विषय कोणता? परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणित खातं. तो सरांकडे हट्टाने मागा. मातीसाठी पिवळ्यात थोडा तपकिरी मिसळा. उजेडाला पांढरा रंग नको, कागद कोराच सोडा.