शांतता समितीचा चहा पुरे झाला

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या आठ दिवस आधी पोलीस ठाण्यातून फोन आला. शांतता समितीची बैठक आहे, मुस्लीम समाजातून कुणीतरी तरुण हवा, तू ये. मी गेलो. एका बाजूच्या खुर्च्यांवर मंडळांचे अध्यक्ष बसले होते, समोरच्या बाजूला मशिदीचे ट्रस्टी आणि मी. 'आपल्या गावाला सलोख्याची परंपरा आहे' हे वाक्य तासाभरात चार वेळा ऐकले. चहा झाला, ग्रुप फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात छापून आला.

बारा दिवसांनी आमच्या गल्लीतल्या सतरा वर्षांच्या एका पोराने मोबाईलवर नको ते स्टेटस ठेवले. रात्री साडेदहाला चौकात गर्दी जमली. मी फोन हातात घेतला तेव्हा लक्षात आले, की फोटोत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नाही. ट्रस्टींकडे फक्त ठाण्याचा नंबर होता. त्यांनी तो लावला.

कामी आला तो अम्मीचा फोन. मंडळाच्या एका अध्यक्षाची बायको आणि अम्मी शाळा व्यवस्थापन समितीत एकत्र आहेत. मुलींच्या संडासाला दार नव्हते. ते बसवून घेण्यासाठी दोघींनी वर्षभर हेलपाटे घातले होते. अम्मीने तिला उठवले, तिने नवऱ्याला उठवले आणि तो चौकात येऊन उभा राहिला. इकडून आम्ही त्या पोराला आणि त्याच्या वडिलांना घेऊन गेलो. स्टेटस निघाले, पोराने माफी मागितली. एका दुकानाची काच फुटली, पण प्रकरण तिथेच थांबले.

त्या रात्रीपासून सलोख्यावरची भाषणे मला ऐकवत नाहीत. मित्रांनो, मैत्रिणींनो, माझे म्हणणे एवढेच आहे: आपण सलोखा साजरा करतो, तो उभा करत नाही. यात प्रशासनाचा दोष आहे, पुढाऱ्यांचा आहे आणि आपलाही आहे.

आपल्या भागात साजरे करण्यासारखे पुष्कळ आहे. गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. कडेगावला मोहरमचे उंच ताबूत उचलायला हिंदू खांदेकरी असतात. दरवर्षी त्याचे रील फिरतात, आपणही फॉरवर्ड करतो. मला या गोष्टी मनापासून आवडतात. पण त्या आपल्याला वाचवतील, अशा भ्रमात मी राहत नाही. कारण मिरज.

मिरजेसारखे गाव शोधून सापडणार नाही. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उरुसात तिथे मोठमोठे गायक हजेरी लावतात आणि ऐकायला सगळे गाव लोटते. मुस्लीम कारागिरांनी केलेले सतार-तंबोरे देशभर जातात. त्याच मिरजेत सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, विसर्जन रखडले, लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेले. गावाची परंपरा शेकडो वर्षांची होती. पण ऐन वेळी चार माणसांनी चार माणसांना हाक मारावी, अशी रचना नव्हती.

आता उलटे उदाहरण घ्या. भिवंडीला सलोख्याचे गाव म्हणून कुणी ओळखत नव्हते. 1970 मध्ये तिथे दंगल झाली, 1984 मध्ये पुन्हा झाली. बाबरी मशीद पाडल्यानंतर डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसे मेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली.

हा चमत्कार नव्हता. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे वस्तीवस्तीत सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने होते. पुढारी आणि दादा लोक बाहेर ठेवून साध्या माणसांना घेतले होते. बैठका सणापुरत्या नव्हत्या, नेमाने होत असत. त्यात नळाचे पाणी, तुंबलेले गटार, शेजाऱ्यांची भांडणे, घरातली मारहाण असले विषय निघत. पोलीस शिपाई त्या वस्तीतल्या माणसांना नावाने ओळखू लागला आणि माणसे एकमेकांना. डिसेंबरात अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला प्रत्येक वस्तीत दोन्हीकडची ओळखीची माणसे होती.

ही रचना म्हणजे कायमचा तावीज नव्हे, हेही भिवंडीनेच दाखवले. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे हिंसाचार झाला. गोळीबारात दोन जण गेले आणि जमावाने दोन पोलिसांना मारून टाकले. मोहल्ला समित्यांचे काम तोवर थंडावले होते, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. शेताची बांधबंदिस्ती दरवर्षी करावी लागते, तसेच हे काम आहे.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी देशातल्या सहा शहरांचा अभ्यास करून 2002 मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असाच आहे. एकमेकांच्या घरी जाणे, सणाला मिठाई देणे चांगलेच. पण शहरात दंगल अडवायला दोन्ही समाज एकत्र असलेल्या संघटना जास्त कामी येतात. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, पक्ष. शिरखुर्मा पाठवायचा नाही असे मी म्हणत नाही. शिरखुर्म्यावर थांबू नका, असे म्हणतो.

इथे तुमच्यातले काही जण चिडतील, ते मला माहीत आहे. "दर वेळी आपणच का? मार खायचा आपण, आणि हात पुढे करायचा तोही आपणच?" 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. 2024 आणि 2025 मध्येही तारीख पुढे ढकलली. माझ्या मित्रांचा सूर होता, की मागे सरकणारे नेहमी आपणच.

निर्णय शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे. पण मित्रांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. आपण समजूतदारपणा दाखवतो, दोन दिवस कौतुक होते आणि विषय संपतो. पुढच्या वेळी नमाजाच्या वक्ताला डीजे मशिदीसमोरून न्यायचा की नाही, हे बोलायला आपल्याकडे कुणी येत नाही. कारण बोलण्याची जागाच नाही. सोबत काम करणाऱ्या माणसाला 'हे चालणार नाही' असे तोंडावर सांगता येते. फक्त फोटोपुरत्या भेटणाऱ्याला ते सांगता येत नाही, तिथे नुसते हसावे लागते. मला हक्काने नाही म्हणता येईल असा सलोखा हवा आहे. श्रीकृष्ण आयोगाने ठपका ठेवलेल्यांचे काय झाले, हे विचारले की ज्याचा सलोखा बिघडतो, त्याचा तो सलोखा मुळात खोटाच.

आणि आता आपल्याविषयी. ग्रामसभेला आपण किती जण जातो? वॉर्डातल्या पाण्याच्या मोर्चात आपण दिसतो का? की वक्फ, कब्रस्तान आणि अजान एवढ्याच वेळी आपल्याला समाज आठवतो? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा 2009 पासून आहे. त्या खुर्च्या आपल्या आयाबहिणींची वाट पाहतात आणि आपण ट्रस्टींच्या निवडणुकीत भांडत बसतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातला हिल्फ-उल-फुदूलचा प्रसंग आपण मदरशात ऐकलेला असतो. मक्केत एका परगावच्या व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले गेले. तेव्हा काही लोकांनी शपथ घेतली, की पीडित कुणीही असो, आपण त्याच्या बाजूने उभे राहू. प्रेषित तेव्हा तरुण होते, नबुवत मिळायची होती आणि शपथ घेणारे मुसलमान नव्हते. पुढे इस्लाम आल्यावरही अशा कराराला कुणी बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगितले. तो करार एका माणसाच्या बुडालेल्या पैशांसाठी झाला होता. सहकार्य कशावर उभे राहते, हे आपल्याला वेगळे शिकवायची गरज नाही.

म्हणून यंदा एक करा. आपल्या धर्माशी संबंध नसलेल्या एका कामात नाव घाला आणि वर्षभर टिका. बस थांबत नसेल तर त्यासाठी, शाळेचे छत गळत असेल तर त्यासाठी. शांतता समितीचे बोलावणे आले तर जरूर जा, पण तिथे दोन गोष्टी मागा: बैठक दर महिन्याला व्हावी आणि तीत दोन्हीकडच्या बायका असाव्यात.

मला या वर्षीही फोन आला आहे. मी अम्मीला घेऊन जाणार आहे.