सण घरचा की मंडळाचा?

‘यहोवाचे साक्षीदार’ या नावाचा एक ख्रिस्ती पंथ अमेरिकेत निघाला. त्याची माणसे आपल्याकडेही दोघे-दोघे मिळून दारोदार फिरतात व त्यांचे ‘टेहळणी बुरूज’ हे पत्र मराठीतही छापले जाते. तेव्हा आमच्या वाचकांपैकी काहींच्या कानावरून हे नाव गेले असेल. या पंथात नाताळ करण्यास सक्त मनाई आहे. वाढदिवस नाही, ईस्टर नाही, नाताळ तर नाहीच नाही. ख्रिस्ताचे नाव अष्टौप्रहर घेणाऱ्यांनी ख्रिस्तजन्माचाच सण वर्ज्य मानावा, हे ऐकून आमचे शेतकरी बंधू चकित होतील. पण गोष्ट खरी आहे.

आता या पंथातून दरसाल कित्येक लोक बाहेर पडतात, आणि डिसेंबर महिना आला म्हणजे त्यांच्यातले काहीजण जन्मात प्रथमच घरात दिवे लावून, मुलांना खाऊ-खेळणी देऊन नाताळ करतात. त्यांच्यावर दोहोंकडून मार पडतो. जुने पंथबंधू म्हणतात, हा धर्मत्यागी, याचे तोंड पाहू नका. नवे शहाणे म्हणतात, तुझा देवावर विश्वास उडाला ना, मग हे झाड आणि हे दिवे कशाला? आम्ही या बाहेर पडलेल्या लोकांच्या बाजूचे आहोत. कुणब्या-माळ्यांच्या, सुतार-लोहारांच्या पत्राने नाताळाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील, तर त्याने जरा दम धरावा.

आधी पंथाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, 25 डिसेंबर ही तारीख बायबलात नाही. रोमी लोकांचे शनिदेवाचे व सूर्याचे उत्सव त्याच सुमारास होत, त्यांवर हा सण बेतला. आणि ख्रिस्ताने आपला मृत्यू स्मरावयास सांगितले, जन्म नव्हे. तारीख बायबलात नाही हे खरेच आहे. ते कोणताही विचारी ख्रिस्ती नाकबूल करीत नाही. परंतु मूर्तिपूजकांचे म्हणून जर टाकावयाचे, तर मग जानेवारी महिन्याचे नावही टाका, कारण तो रोमी लोकांच्या जानुस देवाचा महिना. लग्नाची अंगठी ख्रिस्तापूर्वीच्या रोमी लोकांतही होती, तिला हे लोक हरकत घेत नाहीत. म्हणजे काय विटाळाचे व काय सोवळ्याचे, हे वस्तूवर ठरत नसून ठरविणारावर ठरते. हा न्याय आम्हांस नवा नाही!

वाढदिवसाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. बायबलात दोनच वाढदिवस सांगितले आहेत. एक मिसर देशाच्या फारोचा. त्या दिवशी त्याने आपल्या मुख्य आचाऱ्यास फाशी दिले. दुसरा हेरोद राजाचा; त्या दिवशी त्याने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे डोके उतरविले. एवढ्यावरून वाढदिवस वाईट! आम्ही म्हणतो, बाबांनो, रोटी भाजणाऱ्या गरिबाला ज्याने लटकावले तो राजा वाईट, त्याचा जुलूम वाईट. वाढदिवसाने कोणाचे काय केले?

हा पंथ पहिल्यापासून असा नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. चार्ल्स रसेल या गृहस्थाने पेन्सिल्व्हेनिया प्रांतात तो काढला व 1879 साली त्याचे पत्र सुरू झाले. ब्रुकलिन येथील त्यांच्या मुख्य घरात 1926 पर्यंत नाताळ होत असे. पुढे तो बंद झाला, आणि 1931 साली ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव धारण केले गेले. सत्तेचाळीस वर्षे जो सण चालला तो वरच्या माणसांनी नको म्हणताच पाप ठरला. वरची माणसे म्हणजे ‘नियमन मंडळ’. हल्ली त्यांचे ठाणे न्यूयॉर्क प्रांतात वॉर्विक येथे आहे. आमच्यात पुरोहित नाहीत, असे हे लोक अभिमानाने सांगतात. ठीक आहे; जानवे नाही, शेंडी नाही, दक्षिणेचे तबकही फिरत नाही. पण बायबलाचा अर्थ करावयाचा तो त्या मूठभर पुरुषांनी, व जगभरच्या लाखो सुतार, गवंडी, झाडूवाल्या बायांनी तो निमूट मान्य करावयाचा, याला भिक्षुकशाही म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

मात्र सत्यशोधकाने शत्रूचेही खरे ते सांगावे. हिटलरच्या राज्यात या लोकांनी त्याला सलामी दिली नाही. जांभळा त्रिकोण अंगावर लावून त्यांना कोंडवाड्यात घातले. पंथ सोडल्याच्या कागदावर सही केली तर सुटका होती, तरी बहुतेकांनी सही केली नाही. आपल्याकडे केरळात 1985 साली या पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहिली, पण गायली नाहीत, म्हणून शाळेतून काढली गेली. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल आम्हांस पूर्ण मान्य आहे. ज्याला गावयाचे नाही, त्याला न गाण्याची मोकळीक पाहिजे. मग ज्याला नाताळ करावयाचा आहे त्याला ती मोकळीक का नसावी? सरकारपुढे विवेकाचा हक्क मागणारा पंथ आपल्याच माणसाला तो हक्क देत नाही, येथे आमचे भांडण आहे.

कारण न देण्याची शिक्षा भयंकर आहे. खोट्या धर्माचा सण करणे ही गोष्ट त्यांच्या नियमांत धर्मत्यागाच्या सदरात पडते. वडील मंडळी बसून चौकशी करतात, आणि मग सभेत जाहीर होते की अमका आता साक्षीदार राहिला नाही. झाले! दुसऱ्या दिवसापासून शेजारी, मित्र, वेगळे राहणारे भाऊ-बहिणी, आईबापसुद्धा बोलणे टाकतात. आपल्या गावांत जातपंचायतीने वाळीत टाकलेले घर ज्याने पाहिले आहे, त्याला याहून अधिक सांगावयास नको. म्हणूनच चाळिशीचा मनुष्य पहिली दिव्यांची माळ विकत आणतो तेव्हा पडदा ओढून मग ती लावतो. पंथ सुटला, पण भीती सुटली नाही.

आणि मुले! आम्ही वर्गावर उभे राहणारे लोक. सगळी पोरे खाऊ खात असता एक पोर बाजूला बसविले म्हणजे त्याचे तोंड कसे होते, हे आम्हांस ग्रंथातून शिकावे लागत नाही. या पंथातील पोर दर डिसेंबरात, दर सोबत्याच्या वाढदिवशी तसे बाजूला बसते. त्या पोराने मोठे होऊन स्वतःच्या लेकरासाठी एक झाड सजवले, तर त्यात धर्माचा प्रश्न किती व पोटातल्या कळवळ्याचा किती, याचा निवाडा शहाण्यांनीच करावा.

सण बंद करण्याचा हा उद्योग जुना आहे. इंग्लंडात प्युरिटन पक्षाच्या पार्लमेंटने 1647 साली नाताळ रद्द केला. त्याचा तडाखा बसला कोणाला? जमीनदाराला तर बारमहा सुट्टीच. सुट्टी गेली ती सुताराकडे, विणकराकडे राबणाऱ्या उमेदवार पोरांची व घरगड्यांची. पार्लमेंटलाही ते कळले, म्हणून बदल्यात महिन्याचा दुसरा मंगळवार द्यावा लागला. तरी त्याच साली कँटरबरी गावात नाताळच्या दिवशी दुकाने उघडा असा हुकूम निघताच लोकांनी उघड्या दुकानांतला माल रस्त्यावर उधळला. समुद्रापलीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1659 साली नाताळ करणाऱ्यास पाच शिलिंग दंड लावला. तो कायदा 1681 पर्यंत टिकला. त्याआधी 1621 साली प्लिमथ येथे गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने नाताळच्या दिवशी रस्त्यात खेळणाऱ्यांची खेळाची साधने काढून घेतली. दुसरे राबत असता तुम्ही खेळावे हे माझ्या विवेकाला पटत नाही, असे त्याचे म्हणणे. विवेक पाहावा तर हा!

आता नव्या शहाण्यांकडे वळू. देव मानीत नाही तर सण कशाला, हा त्यांचा सवाल. आमच्या बायका दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य मागतात. ज्या बळीला भटांच्या पोथीने पाताळात घातले, त्याचीच आठवण त्याच दिवशी चुलीपाशी जिवंत राहिली. जोतीराव फुल्यांनी ती आठवण उचलून धरली. त्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला तेव्हा लग्नातून भट काढला. लग्न काढले नाही, मांडव काढला नाही, वऱ्हाडी उपाशी धाडले नाहीत. नाताळाचेही तसेच आहे. पाद्री नको असेल तर बोलावू नका, देवळात जावयाचे नसेल तर जाऊ नका. थंडीच्या काळोख्या दिवसांत घरात दिवा लागावा, गोड व्हावे, दुरावलेले जवळ यावेत, एवढा सण कोणाच्याही बापाच्या मालकीचा नाही.

फक्त एक सांगतो. आयुष्यभर नाही केले म्हणून एकाच साली सर्व वसूल करू नका. ऋण काढून सण करण्याची खोड आपल्याकडे कुळांना सावकाराच्या दारी घेऊन गेली, व तिकडचे दुकानदारही काही धर्मादाय करीत बसलेले नाहीत. आणि ज्याला बाहेर पडल्यावरही नाताळ नकोसा वाटतो त्याला आग्रह करू नका.

नॉर्वेच्या सरकारने या वाळीत टाकण्यावरून 2022 साली पंथाची नोंदणी नाकारली. 2024 साली ओस्लोच्या कोर्टाने सरकारची बाजू घेतली, 2025 साली वरच्या कोर्टाने ती उलटवली. कोर्टे आपले काम करोत. मार्च 2024 मध्ये खुद्द नियमन मंडळाने थोडी ढील दिली: काढलेल्या मनुष्यास सभेला या म्हणावे, तो सभेला आला तर थोडक्यात रामराम करावा, धर्मत्याग्यास मात्र तेवढेही नाही. इतकी वर्षे जे पाप होते ते एका दिवसात माफ झाले! तर मग या मंडळास आमचा सवाल आहे: आईने पोटच्या पोराशी किती शब्द बोलावे, हे मोजून देणारे तुम्ही कोण?