बचत, गुंतवणूक आणि सट्टा

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून जे कर्मचारी दाखल झाले, त्यांना निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू झाली. पगारातून किती कापले जाईल हे ठरले. म्हातारपणी हाती काय येईल हे मात्र बाजारावर सोडले गेले. राज्याच्या तिजोरीने उचलायची जोखीम अशा रीतीने कर्मचाऱ्याच्या खांद्यावर आली. मार्च २०२३ च्या संपाच्या मुळाशी हीच गोष्ट होती. तो लढा योग्यच होता. परंतु ज्यांना कधीच निवृत्तिवेतन नव्हते, असे असंख्य श्रमिक आपली चार पैशांची शिल्लक घेऊन याच बाजाराच्या दारात उभे आहेत, आणि तेथील भाषा त्यांना कोणी शिकवलेली नाही.

ठेव म्हणजे ठेवीदाराने बँकेला दिलेले कर्ज, हेच प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बँक बुडाल्यास ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेतील एका ठेवीदाराला, सर्व शाखा मिळून, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते अवघे १ लाख होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. गावोगावच्या पतसंस्थांना तर हा ठेव विमा लागूच नाही. जादा व्याजाचा फलक वाचणाऱ्याने हे आधी विचारावे.

चलनवाढीचे गणित याहून निर्दय आहे. वर्षाला ६ टक्क्यांनी महागाई वाढली, तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. गादीखालची नोट तीच राहते, तिची किंमत निम्मी होते. म्हणून माणूस शेअर किंवा म्युच्युअल फंडाकडे वळतो. कर्जरोखा घेणारा सावकार असतो, शेअर घेणारा भागीदार, तोट्यातही भागीदारच. म्युच्युअल फंड ही अनेकांची सामाईक थैली. तिच्या एका युनिटची किंमत दहा रुपये आहे म्हणून ती स्वस्त, हा विक्रेत्यांनी पसरवलेला गोड गैरसमज होय. पाहायचा तो व्यवस्थापन खर्च. एक लाख रुपये तीस वर्षे १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे १७ लाख ४५ हजार होतात, ९ टक्क्यांनी वाढले तर १३ लाख २७ हजार. वर्षाकाठी कापला गेलेला तो एक टक्का कोणाला दिसतही नाही. मध्यस्थाचे कमिशन नसलेल्या ‘डायरेक्ट’ योजना जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. त्या मध्यस्थ आपण होऊन कशाला सांगेल?

फ्युचर्स आणि ऑप्शन्स यांना गुंतवणूक म्हणणे हा तर भाषेवरचाच अत्याचार आहे. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि दलाली दोघांकडून, असा हा व्यवहार. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ या एका वर्षात, खर्च वजा करण्यापूर्वी, स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये कमावले. तो नफा जवळजवळ सगळाच संगणकीय प्रणालींनी केलेल्या व्यवहारांतून आला होता.