बदकांच्या शिकारीची बंदूक कोण ठरवतं?

अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेताना चर्चा होते ती वेगाची. प्रत्यक्षात स्थलांतरित पक्ष्यांवर साधारणपणे तीनच काडतुसं भरता येतात. हा नियम १९३५ पासूनचा.

बंदूक खरी बदलली ती छर्ऱ्यांमुळे. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ती बदकं खाणारे गरुडही सुटत नाहीत. म्हणून १९९१ मध्ये अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद केलं. युरोपीय संघाने पाणथळ जागांपुरती अशी बंदी २०२३ मध्ये लागू केली, म्हणजे बऱ्याच उशिराने. पोलाद शिशापेक्षा हलकं असल्याने छर्रे मोठे आणि वेगवान लागतात. साडेतीन इंची काडतूस त्यातूनच आलं. त्याचा धक्का खांद्याला चांगलाच जाणवतो.

गॅसवर चालणारी शॉटगन तो धक्का सौम्य करते, पण काजळी धरते. स्वतःच्याच धक्क्यावर चालणारी इनर्शिया शॉटगन आतून स्वच्छ राहते. चिखल-थंडीत तासन्‌तास बसणाऱ्याला दुसरी बरी.

आजोबांची जुनी बंदूक काढणाऱ्यांची अडचण वेगळी: कठीण पोलाद तिच्या नळीला झेपेलच असं नाही. मऊ बिस्मथ चालतं, पण ते महाग पडतं.